पुढच्या माणसाचं वजन

आईला जाऊन आठ महिने झाले होते, आणि त्या आठ महिन्यांत आबांनी होडी एकदाही पाण्यात घातली नव्हती.

लाकडी होडी पाण्याबाहेर राहिली की वाळते. फळ्या आक्रसतात, सांधे उघडतात. पाण्यात असते तोवर फळ्या फुगून एकमेकींना धरून असतात. हे आबांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी त्यांनी ती करंजाखाली पालथी घालून ठेवली. दिवाळीनंतर मी घरी गेले तेव्हा सांध्यांतून पलीकडचं ऊन दिसत होतं. फेब्रुवारीत माझी करंगळी आत जायला लागली.

त्याच आठवड्यात सावळेरामकाकांचा फोन आला. त्यांची होडी आणि आमची होडी डिंभे धरणाच्या काठावर तीस वर्षं शेजारी शेजारी बांधलेली असायची.

“निर्मे, तुझा बाप टायरच्या ट्यूबवर बसून काठाकाठानं मासं धरतोय. बारकी पोरं धरत्यात तसं. तुला ठावं हाय का?”

“माहीत आहे, काका.”

“मग पाडवा कधी हाय ते बी माहीत असंल. पाडव्यापतुर त्याच्या पट्ट्यात जाळं पडलं न्हाई तर पट्टा शेजाऱ्याला जातो. शेजारी मी हाय. आन मला तो नगं.”

“तुम्हाला का नको?”

“चिमाबाईचा, तुझ्या आईचा पट्टा हाय तो. मी तितं जाळं कसं टाकू? तू काय तरी कर बाई. शिकली हायेस एवढी.”

धरणाच्या भिंतीजवळचं खोल पाणी आमच्या मच्छीमार सोसायटीनं पट्ट्यांमध्ये वाटून घेतलेलं आहे. पट्टा कागदावर नसतो. समोरच्या डोंगरावरच्या दोन खुणांच्या मध्ये येतं ते पाणी एकाचं, असा हिशेब. फुगवट्याचं उथळ पाणी मात्र सगळ्यांचं. तिथे कोणीही जातं, आणि मासाही तसाच मिळतो, बोटाएवढा. मोठा कटला, मृगळ खोलात. आबांचा पट्टा गेला असता तर त्यांना ट्यूब आणि काठ एवढंच उरलं असतं. चौसष्टाव्या वर्षी ते पुन्हा खोलात उतरले नसते, हे सावळेरामकाकांना कळत होतं आणि मलाही.

मी ओतूरला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. एस्टी स्टँडच्या मागे एका खोलीत राहते. त्या रात्री जेवण झाल्यावर मी वहीत धरणाची वर्षभराची पातळी मांडली. आश्विनात पाणी आमच्या घरापासून दोनशे पावलांवर असतं. चैत्रात तेच किलोमीटरभर लांब गेलेलं असतं, आणि मधे गुडघाभर पाण्यात गाळ, झाडांचे बुंधे, जुन्या बांधांचे दगड. आमच्या बाजूनं खोलात जायचं तर आधी हे उथळ पार करावं लागतं. म्हणजे बोट अशी हवी की जी गाळावर टेकणार नाही आणि भिंतीजवळच्या दुपारच्या वाऱ्यात उलटणार नाही. या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात आहेत. सपाट तळाची बोट उथळात चालते, लाटेत आपटते. तळाशी मधोमध कणा असलेली बोट लाट कापते, गाळात रुतते.

बोटीत माणूस एकच असणार होता, ही तिसरी अट मी वहीत लिहिली नाही.

*

सयाजीचं फायबरचं वर्कशॉप नारायणगावच्या बाहेर, हायवेला लागून आहे. तो आधी द्राक्षाच्या औषधाच्या टाक्या बनवायचा, मग संडासाचे दरवाजे, मग गणपतीच्या देखाव्यातले हत्ती. गेली चार वर्षं धरणावरच्या लोकांसाठी बोटीही बनवतो. आबा आणि मी गेलो तेव्हा शेडमध्ये तीन बोटी आणि अर्धा हत्ती होता.

“या पावणं, या मॅडम. ही बघा नऊ फुटी, सपाट तळ. पाण्यात चार बोटं सुदिक बुडत न्हाई. चिखलावरनं बी पळती. ही सोळा फुटी, खाली कणा हाय. लाटंला भिणार न्हाई, पण माणसं दोन पायजेत. आन ही तेरा फुटी. पुढं कणा, मागं सपाट. उथळात बी चालती, खोलात बी चालती. हिच्यात म्हैस घाला, बुडायची न्हाई.”

“तुम्ही बसून बघितलंय?”

“मी? मला पवायला कुठं येतंय, मॅडम!”

मी टेप काढून लांबी-रुंदी घेतली, वजनं विचारली, वहीत आकडेमोड केली. नऊ फुटी बोट आबांना आणि जाळ्याला घेऊन साडेपाच सेंटिमीटर बुडत होती. तेरा फुटी मागच्या बाजूला सहा सेंटिमीटर आणि पुढे कण्यापाशी वीतभर. वीतभर चालण्यासारखं होतं.

आबा तिन्ही बोटींभोवती फिरत होते. त्यांनी कशाचंच माप घेतलं नाही. प्रत्येक बोटीपाशी ते वाकले, पुढच्या टोकावर बोटाच्या पेरानं एकदा ठोकलं, आणि कान तिरका करून थोडा वेळ तसेच राहिले. मग पुढची बोट.

“जाडी बघतायत का?” सयाजीनं मला हळूच विचारलं.

“असेल.”

“मेंढरं बघायची रीत हाय ही. आमच्या गावात बी धनगर असंच पाठीवर हात मारून बघत्यात.”

आबांनी ते ऐकलं. “मेंढरू बोलतं तरी,” ते म्हणाले. “ही समदी ठोकली की टाकीवानी वाजत्यात.”

“टाकीचंच मटेरियल हाय की, पावणं!” सयाजी खूश होऊन म्हणाला.

राघूआजोबांपर्यंत आमच्या घरात मेंढरं होती. धरणाचं पाणी आलं आणि चराईचे माळ पाण्याखाली गेले, तेव्हा आबा पस्तिशीच्या आत होते. मेंढरं विकून त्यांनी आणि आईनं होडी शिकून घेतली. काठावरचे लोक अजूनही त्यांना मेंढक्या म्हणून चिडवतात. आबा सांगायचे, मेंढरामागं वरडायची सवय, आन मासं गप बसल्याबिगार गावत न्हाई. पयलं साल तर नुसतं तोंड दाबण्यात गेलं.

मी तेरा फुटी बोट सुचवली. सयाजी रविवारी पिकअपमधून ती डिंभ्याला आणून देणार, आधी चालवून बघायची, मग ठरवायचं, असं ठरलं. नऊ फुटीही बरोबर आणा, असं आबा निघताना म्हणाले.

*

रविवारी सकाळी दहाला बोटी उतरल्या. पाडव्याला सोळा दिवस होते. सयाजीनं काठावर उभं राहण्यासाठीच नारिंगी लाइफ जॅकेट चढवलं होतं. सावळेरामकाका त्याच्याकडे बघून म्हणाले, “पावणं, हितं तुमचा पाय बी वला व्हायचा न्हाई. का उन्हाचं घातलंय?”

“काळजी घेतल्याली बरी, राव.”

आबा तेरा फुटीच्या मधल्या फळीवर बसले. मी विचारलं, “मी पुढे बसू?”

त्यांनी आधी दोन्ही वल्ही जागेवर बसवली. मग म्हणाले, “बस. वजन पायजेच पुढं.”

मी कधी त्यांच्या होडीत बसलेले नव्हते. लहानपणी अभ्यासाचं दप्तर घेऊन मी काठावर बसायची आणि ती दोघं पाण्यात जायची. आई म्हणायची, तुला काठ बरा, तुला वही सुकी ठेवायची हाय. त्या दोघांत मला जागा नव्हती असं म्हणणं चुकीचं होईल. जागा होती. ती काठावर होती.

वल्ही मारणाऱ्याची पाठ जायच्या दिशेला असते. आबांना मागे पडत जाणारा काठ दिसत होता, आणि मला, त्यांच्या पाठीमागे, समोरचं पाणी. बोट छान निघाली. उथळात कुठे टेकली नाही. माझ्या बावन्न किलोंनी पुढचा कणा पाण्यात नीट बसला होता. वहीतलं गणित पाण्यात खरं होताना बघून मला बरं वाटलं.

मग समोर बुंध्याचं टोक दिसलं.

“आबा, बुंधा आहे! डावीकडे घ्या!”

ते दचकले. वल्हं चुकलं, बोट बुंध्याला घासून गेली.

“वरडतीस कशाला?” ते मागे न बघता म्हणाले. “ठोकायचं.”

“काय ठोकायचं?”

“एक ठोका म्हंजी थांब. दोन म्हंजी डावीकडं. तीन, उजवीकडं. लांब घासलं म्हंजी चल.”

“कुणाचं डावं? तुमचं तोंड मागे आहे.”

“तुझ्या आईचं डावं.” आबा म्हणाले. “मी काय, मला वळवून घ्यायची सवय झाली.”

मला ठोके माहीत होते, पण ते ठोके आहेत हे माहीत नव्हतं. आईच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेरावर घट्टा होता. तो जात्यानं पडला असेल असं मी समजत होते. आबा घरात फार बोलायला लागले, पाव्हण्यांसमोर कुठल्या तरी जुन्या भांडणाचं काढून बसले, की आई पाटावर एकदा ठोकायची. आबा अर्ध्या शब्दात गप व्हायचे. पाव्हणे हसायचे. मीही हसायची. मंचरच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी तिची वाचा गेलेली होती. आबा पाणी आणायला उठले तेव्हा तिनं खाटेच्या लोखंडी कडेवर एकदा ठोकलं. आबा थांबले. पुन्हा बसले. त्यांच्याऐवजी मी पाणी आणायला गेले आणि परत आले तोवर संपलं होतं.

“मला शिकवा,” मी म्हटलं. “नीट ठोकते.”

मी फळीवर दोनदा ठोकलं. फायबरचा आवाज पोकळ आणि पसरट आला. कुठून आला ते कळू नये असा.

“असं न्हवं,” आबा म्हणाले.

“मग कसं?”

“मला काय ठावं? मारायची ती. मी ऐकायचा.”

*

काठावर आलो तेव्हा सयाजीनं विचारलं, “मग? पक्की?”

“बोट बरी हाय,” आबा म्हणाले. “पण ही पोर उद्या ओतूरला असणार. पुढं कोण?”

“मी रविवारी रविवारी येईन,” मी म्हटलं.

“आन बाकीचं सहा दिस?” ते हसले. “तुझ्या आईनं तुला होडीत पाय ठिवू दिला न्हाई, म्हणून तू फळ्यापुढं उभी ऱ्हातीस. आता मी बशिवतो तुला. वर गेल्यावर ती मला काठीनं हाणल.”

“मेंढक्या, मी येतो की आठ दिस,” सावळेरामकाका म्हणाले.

“तुझ्या होडीत पुढं कोण? साळुबाईला एकलीला बशिवतोस व्हय?”

साळुबाई म्हणजे काकांची बायको. धरणावरच्या सगळ्या होड्या जोडीच्या आहेत. नवरा-बायको, नाही तर भाऊ-भाऊ. सुटं माणूस कोणाकडेच नाही.

“धोंडा ठिवतो,” आबा म्हणाले.

पुढे वजन नसेल तर कणा पाण्याबाहेर उचलला जातो आणि वारा बोटीचं तोंड फिरवतो. म्हणजे वजन हवं हे बरोबर होतं. पण माणूस लाट आली की आपला तोल सावरतो, धोंडा सावरत नाही, हेही मी सांगितलं. आबा ऐकत ऐकत काठावरचे दगड हातानं हलवून बघत होते. दोन सोडले, तिसरा घेतला. सोसायटीचा मासे मोजायचा लटकता काटा सावळेरामकाकांच्या झोपडीत होता. मी दोर बांधून धोंडा काट्याला लावायला सांगितला. त्या दोघांनी मिळून उचलला. सेहेचाळीस किलो भरला.

आई बरी होती तेव्हा तिचं वजन तेवढंच होतं. दवाखान्याच्या शेवटच्या कागदावर तेहतीस होतं. आबांनी तो आकडा धरलेला दिसला नाही.

जेवण करून तीनच्या सुमारास ते निघाले. मुद्दाम वाऱ्याची वेळ घेतली होती. वाऱ्यात टिकली तर टिकली. धोंडा पुढच्या फळीसमोर गोणपाटावर ठेवला होता. उथळात बोट सरळ गेली. खोलात शिरल्यावर लाटा लागल्या, तरी कणा कापत होता. मी काठावरून वल्ह्यांचे फटके मोजत होते. मिनिटाला बावीस. चांगली लय होती.

आणि आबांनी वल्ही उचलली.

वाऱ्यात, पट्ट्याच्या तोंडाशी, त्यांनी दोन्ही वल्ही पाण्याबाहेर धरली आणि ते स्तब्ध बसून राहिले. बोटीचं तोंड फिरायला लागलं.

“काय झालं त्याला?” काका उठून उभे राहिले.

बोट लाटेला आडवी झाली. पहिली लाट कडेवरून आत आली. धोंडा घरंगळून खालच्या बाजूला गेला आणि ती कड आणखी खाली गेली.

“आबा!” मी ओरडले. “वल्हं मारा! वल्हं!”

ते हलले नाहीत. मान किंचित तिरकी, वर्कशॉपमध्ये होती तशी. दुसरी लाट आत आली. मग काकांनी दोन्ही हात तोंडाशी धरून, मेंढरांना हाकारतात तशी लांब हाळी दिली, आणि आबा जागे झाल्यासारखे झाले. त्यांनी एका वल्ह्यानं तोंड फिरवलं आणि वारा पाठीवर घेऊन ते परत आले.

बोटीत घोट्याइतकं पाणी होतं. सयाजी त्याच्या नारिंगी जॅकेटात गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरला होता आणि ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

“का थांबलात?” मी विचारलं.

आबा ओले हात धोतराला पुसत राहिले.

“का थांबलात, आबा?”

“ठोका आला,” ते म्हणाले.

धोंड्याकडे कोणी बघितलं नाही. गोणपाट सरकलं होतं आणि लाटेसरशी धोंडा बोटीच्या अंगावर आपटला होता. एकदा. तीस वर्षं पाठीमागून एक ठोका आला की थांबायचं आणि पुढचा येईपर्यंत वाट बघायची, हे त्यांच्या खांद्यांना पाठ होतं. पुढचा ठोका यायचा होता, म्हणून ते बसले होते.

“येडा झालो,” आबा म्हणाले, आणि हसले. काका हसले नाहीत.

*

उपाय सोपा होता, आणि तो मलाच सुचला. दोन पोत्यांत वाळू भरली, तोंडं शिवली, पुढच्या फळीखाली ठासून दोरानं आवळली. वाळू घरंगळत नाही, आपटत नाही. दिवस कलायच्या आत आबा आणखी एकदा जाऊन आले. वारा तेवढाच होता. बोट कुठेही डगमगली नाही. पट्ट्यापर्यंत गेले, वळले, आले. थेंब आत नव्हता.

“कशी आहे?” मी विचारलं.

“गप हाय,” आबा म्हणाले.

मला ते कौतुक वाटलं. मी वहीत लिहिलं: वाळू २३ + २३, स्थिर.

“मग तेरा फुटी ठेवू ना?” सयाजीनं विचारलं.

आबा नऊ फुटी बोटीपाशी जाऊन उभे राहिले. एका माणसाची, एकाच फळीची बोट. पुढे बसायला जागाच नव्हती, म्हणून पुढे कोणी नाही असं वाटायचंही कारण नव्हतं.

“मला वाटतं ही बरी,” ते म्हणाले. “काठानं फिरंन. मला किती लागतंय?”

“पट्टा जाईल.”

“जाऊ दे.”

“आबा, ती बोट खोलात चालते. आत्ता चाललेली बघितली आपण. तुमचे हात चांगले आहेत, वल्ह्याची लय चांगली आहे. काठाला लागायचं काही कारण नाही.” माझा आवाज वर्गात चढतो तसा चढला असणार. “काय कमी आहे तिच्यात ते सांगा. मी बघते.”

ते पाण्याकडे बघत होते. सावळेरामकाका आणि सयाजी पिकअपच्या बाजूला सरकले.

“निर्मे, तिच्यात काय बी कमी न्हाई. तू लई बराबर शोधलीस. पण मी खोलात गेलो, आन समदं गप. वारा व्हता, पाणी वाजत व्हतं, तरी गप. धोंडा चुकीचा व्हता, पर बोलला तरी.” त्यांनी नऊ फुटीच्या कडेवर हात ठेवला. “काठाला माणसांचा गलबला असतो. तितं ध्यान ऱ्हातं दुसरीकडं.”

मी सगळ्या लांबी-रुंदी मोजल्या होत्या आणि वर्कशॉपमध्ये आबा काय मोजत होते ते मी त्यांना विचारलं नव्हतं.

“पाडव्यापतुर बघतो,” ते म्हणाले. “दोनी ऱ्हाऊ दे हितं.”

सयाजीनं दोन्ही बोटी ठेवल्या आणि घोडेगावपर्यंत मला पिकअपमधून सोडलं. मी उतरताना तो म्हणाला, “मॅडम, मला वाटायचं बोट म्हंजी नुस्तं भांडं.”

*

दहा दिवस फोनवर आबा बोटीचं काही बोलले नाहीत. जेवलीस का, जेवले, ऊन लई हाय, हाय. मीही विचारलं नाही. माझ्या खोलीत संध्याकाळी शेजारच्या टीव्हीचा आवाज येतो, तो बंद झाला की पंख्याचा. त्या दिवसांत मी एकदा टेबलावर पेरानं ठोकून बघितलं. एक, मग दोन, मग तीन. आईसारखं होत नव्हतं. आईसारखं म्हणजे कसं, हे मला तरी कुठे ठाऊक होतं.

अकराव्या दिवशी सयाजीचा फोन आला.

“मॅडम, तुमच्या बाबांनी तेरा फुटी ठिवली. नऊ फुटी घिऊन जा म्हनले. मी आत्ता तितनंच आलो. पर एक काम सांगितलं त्यांनी. त्यांच्या जुन्या लाकडी होडीची पुढची फळी काढली आन माझ्याकडनं ह्या बोटीत बसवून घितली.”

“पुढे?”

“न्हाई, तेच तर. पायाशी. वल्हं मारताना पाय टेकत्यात ना, तितं. मी म्हनलं, बाबा, फायबर हाय की टेकाया. तर म्हनले, ते लाकडावानी वाजत न्हाई. आन बसून टाच मारून बघितली चार-पाच येळा. खाली जागा मोकळी ठेव म्हनले, दाबून चिकटवू नगं.” मग त्यानं विचारलं, “मी केलं तसंच. बराबर केलं ना?”

“बरोबर केलं,” मी म्हटलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी घरी गेले. वर्षाच्या आत सण नाही, म्हणून गुढी नव्हती, पुरण नव्हतं. रात्री आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली. आबा नेहमीपेक्षा कमी बोलले. गप करणारं कोणी नव्हतं, तरी.

सकाळी उजाडता उजाडता जाग आली तेव्हा त्यांचं अंथरूण घडी घालून ठेवलेलं होतं. मी भाकरीचा डबा भरला आणि काठाकडे निघाले. पाणी आणखी मागे गेलं होतं. गाळात बोट ओढत नेल्याची रेघ होती, सरळ, मधे कुठेही अडखळलेली नाही. उथळाच्या पलीकडे, पट्ट्याच्या तोंडाशी ती बोट दिसत होती. आबांची पाठ माझ्याकडे नव्हती, तोंड होतं. पण इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता.

वारा नव्हता. अशा सकाळी पाण्यालगतची हवा थंड असते आणि वरची उबदार, त्यामुळे आवाज वर निसटून जात नाही, वाकून पुन्हा पाण्याकडे येतो आणि फार लांबवर ऐकू येतो. मी हे दरवर्षी शिकवते. फळ्यावर वाकडी रेघ काढून दाखवते.

वल्ह्यांचा आवाज येत होता. मग लाकडावर ठोका पडला.

एक.

वल्ही थांबली. आबा उठले, वाळूच्या पोत्यांवरून पुढच्या टोकाला गेले, जाळ्याचा दोर हाताशी घेतला, थोडं जाळं सोडलं. परत येऊन बसले. टाच लाकडावर लांब घासल्याचा आवाज आला, आणि वल्ही पुन्हा सुरू झाली. काही फटक्यांनंतर दोन ठोके. बोट वळली. आईच्या डावीकडे.

मी पाऊण तास ऐकत होते. ठोका आणि थांबणं यांच्या मध्ये दर वेळी थोडासा वेळ जात होता. स्वतःच दिलेल्या ठोक्याला तो लागायला नको. ऐकणाऱ्याला लागतो तेवढाच होता.

सावळेरामकाका मागून आले, हात कपाळावर धरून त्यांनी पट्ट्याकडे बघितलं. जाळ्याच्या तरंगत्या खुणा पाण्यावर ओळीनं पसरत होत्या.

“पडलं जाळं,” ते म्हणाले. “सुटलो बाबा.” आणि माझ्याकडे न बघता आपल्या होडीकडे गेले. तिथे साळुबाई पुढच्या फळीवर बसून त्यांची वाट बघत होती.

माझ्या हातात स्टीलचा डबा होता. केव्हा कोण जाणे, मधल्या बोटाचं पेर मी त्याच्या झाकणावर टेकवलं होतं. एवढ्या शांततेत तो आवाज त्यांच्यापर्यंत नक्की गेला असता. आबा थांबले असते. मान तिरकी करून पुढच्या ठोक्याची वाट बघत बसले असते, आणि पुढचा कोणता द्यायचा ते मला माहीत नव्हतं.

मी हात काढून घेतला. डबा वाजू नये अशा बेतानं दगडावर ठेवला आणि त्याच्या शेजारी बसले.